जॉर्जियाच्या जुन्या टोळ्या आणि राज्यं डोक्यात नीट कशी बसवायची

जॉर्जियाचा (अमेरिकेतलं राज्य नव्हे, काळ्या समुद्राच्या पूर्वेचा देश) जुना इतिहास वाचायला घेतला की पहिल्या दहा मिनिटांतच नावांचा मारा सुरू होतो, कोल्खिस, इबेरिया, लाझिका, एग्रिसी, कार्तली, दियाउएही, मेस्खी, स्वान... मी स्वतः दोनदा अर्ध्यात सोडलं होतं. तिसऱ्यांदा आधी जमीन समजून घेतली आणि मग माणसांकडे वळलो, तेव्हा जमलं. तीच पद्धत सांगतोय.

एक कोरा कागद घ्या. वरती कॉकेससची मोठी रांग, खाली लहान कॉकेसस, डावीकडे काळा समुद्र. आता मध्ये एक उभी रेघ मारा, ही लिखी डोंगररांग. या एका रेघेने अर्धं काम होतं. रेघेच्या पश्चिमेला रिओनी नदी, जिला ग्रीक लोक फासिस म्हणायचे, ती काळ्या समुद्राला मिळते, आणि पूर्वेला मत्क्वारी म्हणजे कुरा, ती जाते कॅस्पियनकडे. पश्चिमेला लिहा कोल्खिस आणि त्याच्याखाली एग्रिसी किंवा लाझिका, कारण त्याच भागात नंतरच्या काळात ते राज्य आलं. पूर्वेला लिहा कार्तली, आणि ग्रीक-रोमन लोक ज्याला इबेरिया म्हणतात ते हेच. स्पेनवाल्या इबेरियाशी याचा घोळ घालू नका, आणि शेजारी कॉकेससमधलं अल्बानिया दिसलं तर तेही बाल्कनमधलं नाही.

दुसरी सवय लावा, प्रत्येक नावापुढे ते नाव कोण घेतंय ते लिहायचं. असिरियन, उरार्तूवाले (दक्षिणेला, आजच्या पूर्व तुर्कीच्या भागातलं जुनं राज्य), ग्रीक, की जॉर्जियन स्वतः? हे लोक स्वतःला कार्तवेली म्हणतात आणि देशाला साकार्तवेलो, म्हणजे कार्तवेलींची जागा. जॉर्जिया हे बाहेरच्यांनी दिलेलं नाव. एवढं केलं तरी निम्मी नावं एकाच गोष्टीची निघतात.

मग भाषा बघा, ही पायरी लोक गाळतात आणि तिथेच फसतात. कार्तवेली कुटुंबात चार भाषा: जॉर्जियन, मेग्रेली, लाझ आणि स्वान. इंडो-युरोपियनशी यांचं नातं नाही. स्वान सगळ्यात आधी वेगळी झाली, मेग्रेली आणि लाझ एकमेकींच्या सगळ्यात जवळच्या. म्हणजे ढोबळमानाने पूर्वेला कार्त (जॉर्जियन बोलणारे), किनाऱ्याकडे मेग्रेली-लाझ, उंच डोंगरात स्वान, अशी तीन माणसं कागदावर बसवा.

आता काळ. असिरियाचा राजा पहिला तिग्लथ-पिलेसर, इ.स.पू. ११०० च्या आसपासचा, त्याच्या शिलालेखांत दाइयेनी येतं (बहुधा दियाउएहीच), नंतर उरार्तूचे राजे इ.स.पू. ८ व्या शतकात दियाउएहीशी लढतात, आणि दुसऱ्या सार्दुरीच्या लेखात कुल्हा येतं, ज्याला बहुतेक अभ्यासक कोल्खिस धरतात. दियाउएहीचे लोक नक्की कोणती भाषा बोलायचे यावर वाद आहे, म्हणून ते पेन्सिलने लिहा. जे पक्कं तेच पेनने.

टोळ्या खरंच जाणवायला हव्या असतील तर ग्रीक लेखक झेनोफॉन वाचा. इ.स.पू. ४०१-४०० मध्ये तो ग्रीक भाडोत्री सैनिकांसोबत या भागाच्या नैर्ऋत्येकडून, आजच्या ईशान्य तुर्कीतून चालत गेला आणि ताओखोई, खालिबेस, मॅक्रोनेस, कोल्खियन, मोसिनोइकोई असे एकामागून एक भेटत गेले. ताओखोईंच्या गडावर हल्ला झाला तेव्हा बायकांनी मुलांना कड्यावरून फेकलं आणि मागोमाग स्वतः उड्या टाकल्या, हे वाचून मी बराच वेळ पुढे गेलो नाही. कोल्खियन गावांत सैनिकांनी मध खाल्ला आणि त्यांना उभंसुद्धा राहता येईना, तिसऱ्या-चौथ्या दिवशी सावरले. खालिबेस लोखंडाच्या कामावर जगायचे असंही तो सांगतो. हो, पण ही सगळीच माणसं कार्तवेली होती असं समजू नका, इथेही पेन्सिलच.

सोनेरी लोकरीची गोष्ट, म्हणजे ग्रीक वीर जेसन कोल्खिसला जाऊन मेंढ्याची सोन्याची लोकर आणतो ती, दंतकथा म्हणून बाजूला टाकू नका. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबो सांगतो की डोंगरातल्या नद्यांमधून वाहून येणारं सोनं तिथले लोक भोकं पाडलेल्या कुंड्या आणि लोकरीच्या कातड्यांनी गोळा करायचे, आणि पश्चिम जॉर्जियातल्या वानीच्या उत्खननात निघालेले सोन्याचे दागिने बघितले की कोल्खिसच्या श्रीमंतीची ग्रीकांना एवढी भुरळ का पडली ते कळतं.

पूर्वेकडे कार्तलीची राजधानी म्त्सखेता, अराग्वी आणि मत्क्वारीच्या संगमावर. इथे कागदावर दोन रकाने करा, एक परंपरेचा आणि एक दगडाचा. परंपरा म्हणते की इ.स.पू. ३ ऱ्या शतकाच्या सुरुवातीला फार्नावाझ पहिला राजा झाला आणि त्यानेच जॉर्जियन लिपी आणली, पण हातात असलेले सगळ्यात जुने जॉर्जियन शिलालेख इ.स. ५ व्या शतकातले, त्यातला बोल्निसीचा प्रसिद्ध. इ.स.पू. ६५ मध्ये रोमन सेनापती पॉम्पे इथे घुसला तेव्हा राजा होता आर्तोकेस, हे रोमन लेखकांकडून कळतं. आणि कार्तलीचा राजा मिरियन ख्रिस्ती धर्मप्रसारक बाई संत निनो हिच्यामुळे ख्रिस्ती झाला ते ४ थ्या शतकात, वर्ष ३२६ की ३३७ यावर भांडत बसू नका, दोन्ही लिहून ठेवा.

पश्चिमेला लाझिकासाठी दोनच तारखा पुरतात: ५२२, राजा त्साथे कॉन्स्टँटिनोपलला जाऊन बाप्तिस्मा घेतो, आणि ५४१ ते ५६२, त्याच जमिनीवर बायझँटाइन आणि ससानी इराण झुंजतात. ५८० च्या सुमाराला इराणने कार्तलीची राजसत्ताच बंद केली.

थांबायचं १००८ ला. तेव्हा राजा तिसऱ्या बग्रातच्या हातात लिखीच्या दोन्ही बाजू येतात, त्या उभ्या रेघेवरून एक आडवी रेघ ओढा आणि पुढच्या काळासाठी नवा कागद घ्या.