लाकडी रोलर कोस्टर पोलादीपेक्षा जास्त टिकतो का? तपासून कसं ठरवायचं

लाकडी कोस्टर शंभरी गाठतो आणि पोलादी तीस-चाळीस वर्षांत निघतो, असं सरसकट बोललं जातं. मेलबर्नच्या लूना पार्कमधला ‘सीनिक रेल्वे’ हा लाकडी कोस्टर 1912 सालचा आहे, हे खरं. पण नळीच्या रुळावर धावणारा पहिला पोलादी कोस्टर, डिस्नेलँडचा मॅटरहॉर्न, 1959 साली आला. पोलादाला शंभरी गाठायला वेळच मिळालेला नाही. उलट ओहायोतला ‘सन ऑफ बीस्ट’ हा लाकडी कोस्टर 2000 साली उघडला आणि 2009 मध्ये कायमचा थांबला.

त्यामुळे पाटीवरचं साल बाजूला ठेवा. पाया, सांगाडा आणि रूळ या तिघांचं वय वेगवेगळं विचारा. न्यूयॉर्कचा सायक्लोन (1927) लाकडी म्हणून ओळखला जातो, पण त्याचा सांगाडा पोलादी आहे. लाकूड आहे ते रुळाचं. जुन्या लाकडी कोस्टरमध्ये बरंचसं लाकूड टप्प्याटप्प्याने बदललेलं असतं. त्याचं दीर्घायुष्य या बदलण्यातच आहे.

लाकूड तपासताना

लाकडी रूळ बहुधा आठ फळ्यांच्या थरांचा असतो. वरचे दोन थर रुंद ठेवतात, म्हणजे त्यांच्या बाहेर आलेल्या कडेखालून गाडीला वर उचलू न देणारी चाकं फिरतात. चाक जिथे टेकतं तिथे पोलादी पट्टी ठोकलेली असते.

सुरुवात उतारांच्या तळापासून करा, कारण सगळ्यात जास्त भार तिथे येतो. तिथलं लाकूड दबतं, दोन रुळांमधलं अंतर वाढतं, गाडी डावी-उजवीकडे आपटू लागते आणि त्या आपटण्याने अंतर आणखी वाढतं. अंतर गेजने (रुळांतलं अंतर मोजायच्या मापाने) मोजा आणि आराखड्यातल्या आकड्याशी ताडून पाहा. प्रवास खडबडीत झाल्याची तक्रार येईपर्यंत थांबलात तर दोन थरांत भागणारं काम आठ थरांवर जातं.

कूज शोधायची ती फळ्यांच्या कापलेल्या टोकांना, बोल्टच्या भोकांपाशी आणि आडव्या तुळया खांबाला मिळतात तिथे, कारण पाणी तिथेच मुरतं. सुयांचा ओलावामापक लावा: 20 टक्क्यांच्या आत असेल तर बुरशी वाढत नाही. मग टोच्या तिरका आत घालून लाकूड उचकटा. लांब, रेषेदार कपची निघाली तर लाकूड निरोगी. तुकडा टोच्यापाशीच आखूड मोडला तर वरून रंग कितीही छान दिसो, तो भाग काढायचाच.

रोज सकाळी गाडी सोडण्याआधी रूळ पायी पालथा घालायला पर्याय नाही. कोरड्या हवेत लाकूड आकसतं आणि नट सैल पडतात. मात्र घट्ट करताना वॉशर लाकडात रुतवू नका. रुतलेल्या वॉशरभोवती खळगा पडतो, त्यात पाणी साचतं आणि कूज तिथूनच सुरू होते.

रुळाचा तुकडा बदलायचा असेल तर पट्टी काढा आणि निरोगी लाकूड लागेपर्यंत थर उचला. नव्या फळ्या खालून वर बसवत जा. एका थराचा सांधा खालच्या थराच्या सांध्यावर येऊ देऊ नका. चढ-उताराचा बाक फळ्या वाकवून साधतो, तीव्र वळणासाठी मात्र त्या आकारात कापाव्या लागतात. कापलेल्या प्रत्येक टोकाला आणि नव्या भोकाला कॉपर नॅफ्थेनेटसारखं लाकूडरक्षक लावा. ही पायरी गाळली तर नवं लाकूड जुन्याच्या आधी कुजतं. शेवटी रुळांमधलं अंतर पुन्हा मोजा, पट्टी बसवा आणि प्रवाशांऐवजी पाण्याने भरलेले पुतळे बसवून गाडी फिरवा.

पोलाद तपासताना

पोलाद दबत नाही, पण थकतं. हजारो फेऱ्यांचा कमी-जास्त ताण वेल्डच्या कडेला साठतो आणि केसाएवढी भेग पडते. नेमकी जागा म्हणजे रूळ आणि खांब यांचा जोड, तसंच दोन रुळांना बांधणाऱ्या आडव्या पट्ट्यांची टोकं. रंगावर गंजाची बारीक, सरळ रेघ दिसली तर तिला डाग समजू नका. भेगेतून झिरपणारा गंज असाच दिसतो. तिथला रंग काढा, भाग चुंबकित करा आणि लोहभुकटी टाका. भेग असेल तर भुकटी तिच्या रेषेवर गोळा होते. 2023 साली अमेरिकेतल्या कॅरोविंड्स पार्कमधल्या ‘फ्युरी 325’ या पोलादी कोस्टरच्या एका खांबाला वरच्या बाजूला आरपार तडा गेला होता, आणि तो पाहुण्याच्या नजरेला पडला. खांब बदलून राइड पुन्हा सुरू झाली, पण खालून दुर्बिणीने नियमित पाहणी का हवी, हे त्यातून कळतं.

पोकळ नळीत पाणी साचलं तर गंज आतून खातो. निचऱ्याची भोकं असतील तर ती उघडी ठेवा. रंगाचा थर सुटला की लगेच खरवडून प्रायमर द्या.

मग कोणता घ्यावा?

कुशल सुतार कायमचे ठेवता येत असतील तर लाकडी. ते जमणार नसेल तर पोलादी घ्या. पोलादी कोस्टर बोल्ट सोडून हलवताही येतो: 1975 सालचा कॉर्कस्क्रू कॅलिफोर्नियातून काढून 1990 मध्ये आयडाहोत उभा राहिला. मधला मार्गही आहे. टेक्सासच्या ‘टेक्सास जायंट’ला 2011 मध्ये जुन्या लाकडी सांगाड्याचा उपयोग करून पोलादी रूळ बसवला गेला.

जुना पोलादी कोस्टर विकत घेताना वेल्ड-तपासणीच्या नोंदी मागा. नोंदी नसतील तर सौदा होण्याआधी, राइड उभी असतानाच, प्रत्येक जोड तपासून घ्या आणि तो खर्च किमतीतून वजा करा.