खापरपणजोबांचा माग: एकोणिसाव्या शतकातलं घराणं जुन्या कागदांत कसं शोधावं

आडनाव जुळलं म्हणून एखाद्या नामांकित घराण्याशी नातं जोडून टाकण्याची घाई करू नका. शोध आपल्यापासून मागे न्यायचा, एकेक पिढी धरून. बापलेकाचं नातं सांगणारा कागद हाती आल्याशिवाय मागच्या पिढीवर जायचं नाही.

सुरुवात घरातल्या सर्वांत वृद्ध माणसापासून करा. मूळ गाव, वाडी, भावकीतली घरं, कुलदैवत आणि आजी-पणजीचं माहेर, एवढं लिहून घ्या. पणजीचं माहेर विचारायचं हमखास राहून जातं, आणि पुढे अडतं तेही तिथेच.

मग जमिनीकडे वळा. मुंबई इलाख्यात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला जमिनीवरच्या हक्कांची नोंद (हक्कनोंदणी) आली, त्यामुळे १८५०-६०च्या सुमारास जन्मलेल्या माणसाचं नाव पुष्कळदा त्याच्या मृत्यूनंतरच्या वारस फेरफारात, म्हणजे जमीन वारसांच्या नावावर केल्याच्या नोंदीत, सापडतं. त्यात मुलगे असतात, कधी विधवेचं नावही. आजच्या सातबाऱ्यावरून फेरफार क्रमांक धरत मागे जा. जुने फेरफार तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात मिळतात आणि अनेक तालुक्यांचे स्कॅन होऊन महाभूमी संकेतस्थळावर आले आहेत. त्याही मागचे मोजणीचे कागद भूमी अभिलेख कार्यालयात मागा. ब्रिटिशांची ही मोजणी १८३६मध्ये इंदापूर तालुक्यात सुरू झाली. कोतवाल बुकात गावातले जन्म-मृत्यू सापडतात, तर जुन्या शाळेच्या जनरल रजिस्टरात मुलाचं आणि बापाचं नाव. मराठवाड्यातले निजामकालीन कागद मात्र बरेचसे उर्दूत आहेत, आणि गोव्यातले पोर्तुगीजमध्ये.

माझ्या मते सर्वांत समृद्ध साधन म्हणजे तीर्थोपाध्यायांच्या, म्हणजे तीर्थक्षेत्रातल्या पुरोहितांच्या, वह्या. नाशिक किंवा त्र्यंबकेश्वरला जाऊन कोणत्याही उपाध्यायांना मूळ गाव, जात आणि आडनाव सांगा. त्या गावाची वही कोणत्या घराकडे आहे ते बहुधा तिथेच कळतं. इथे आज राहता ते गाव उपयोगाचं नाही. अस्थिविसर्जनाला, श्राद्धाला किंवा सिंहस्थात आलेल्या यजमानाने आजा, बाप, भाऊ, मुलगे, आई, बायको अशी नावं सांगितलेली असतात, कधी खाली त्याची स्वतःची सही असते. जमिनीच्या कागदात न येणाऱ्या बायका इथे भेटतात, आणि ज्यांच्या नावावर जमीनच नव्हती अशा घरांचीही नोंद इथे असू शकते. परवानगी घेऊनच फोटो काढा, दक्षिणा द्या आणि तुमच्या पिढीची नावं मुली-सुनांसकट लिहवून या.

हे जुने कागद बहुतेक मोडी लिपीत असतात. ‘राणोजी बिन सटवाजी’ असं दिसलं तर राणोजी हा सटवाजीचा मुलगा. ‘वलद’चाही अर्थ तोच. बाईच्या नावापुढे ‘कोम’ आलं की त्यानंतरचं नाव तिच्या नवऱ्याचं. आडनाव मुळीच नसेल तर घाबरू नका, नुसतं ‘पाटील’ किंवा व्यवसायाचं नाव लिहिण्याची रीत होती. शके असेल तर ७८ मिळवा (पौष ते फाल्गुनातल्या नोंदीला बहुधा ७९), फसली (महसुली कालगणना) असेल तर साधारण ५९०. शके १७९८, धाता संवत्सर म्हणजे १८७६-७७, मोठ्या दुष्काळाची सुरुवात. त्या सुमारास एखादं कुटुंब गावच्या कागदातून नाहीसं झालं असेल, तर ते कुठे गेलं हेही शोधावं लागेल.

खरी फसगत नावांची होते. आजोबांचं नाव नातवाला ठेवण्याच्या चालीमुळे एकाच भावकीत तीन राणोजी निघतात. म्हणून नुसत्या नावावर पिढी जोडू नका. सर्व्हे नंबर, भावांची नावं किंवा बायकोचं नाव, यांतलं काहीतरी दुसऱ्या कागदाशी जुळलंच पाहिजे. जुळत नसेल तर तक्त्यात पेन्सिलीने लिहून ठेवा.

घराण्यात वतन (वंशपरंपरागत हुद्दा आणि त्याचे हक्क) किंवा इनाम (सरकारने दिलेली जमीन) असेल तर पुण्याचं पुराभिलेखागार गाठा. १८५२च्या कायद्याने इनाम कमिशनला चौकशीचे अधिकार मिळाले, तेव्हा हक्क सिद्ध करायला लोकांनी वंशावळी दाखल केल्या. पण तिथे सुमारे ३९ हजार रुमाल (कापडात बांधलेले कागदांचे गठ्ठे) आहेत, बहुतेक मोडीत. तालुका, गाव आणि वतनाचा प्रकार ठरवूनच जा. आणि या वंशावळी दाव्यासाठी केलेल्या होत्या, तेव्हा ज्या शाखेला हिस्सा नाकारायचा होता ती त्यातून गाळलेली असू शकते. ती शाखा नाशिकच्या वहीत पडताळून पाहा.