एअर शोला स्वतःचं विमान घेऊन जाताय? या चुका टाळा

एरवी आपण आभाळ बघून निघतो, एअर शोला मात्र घड्याळ बघून निघतो. प्रात्यक्षिकं सुरू झाली की धावपट्टी इतरांसाठी बंद होते, उतरायची वेळ आधीच ठरलेली असते, मित्र तिकडे पोहोचून फोटो पाठवत असतात. हवा लहरी असेल तर बहुतेक चुका या घाईतूनच होतात.

फक्त पोहोचायच्या ठिकाणचं हवामान बघणं

टॅफ हा विमानतळाचा हवामान-अंदाज आसपासच्या जेमतेम ८ किलोमीटरपुरता असतो. वाटेतल्या डोंगररांगेबद्दल तो काहीच सांगत नाही. म्हणून वाटेतल्या प्रत्येक स्टेशनचा मेटार, म्हणजे तिथल्या प्रत्यक्ष हवामानाचा अहवाल, वाचा आणि तापमान व दवबिंदू यांतला फरक बघा. दुपारच्या पुंजमेघांसाठी ढोबळ हिशेब असा: दर अंशाला ४०० फूट. तापमान १८ आणि दवबिंदू १५ असेल तर ढगांचा तळ जमिनीपासून साधारण १२०० फुटांवर. फरक तासागणिक कमी होत असेल तर निघू नका. टॅफमधल्या ‘टेम्पो’कडे, म्हणजे तात्पुरत्या बदलाच्या इशाऱ्याकडेही काणाडोळा करू नका. तो बदल एका वेळी तासाभरापेक्षा कमी टिकतो खरा, पण तेवढ्यात तुम्ही नेमके तिथे असाल तर तेच तुमचं हवामान.

परत फिरायचा आकडा आधी न ठरवणं

ही चूक मी स्वतः केली आहे. ढग हळूहळू खाली येत होते आणि मी दर वेळी शंभर-दोनशे फूट खाली येत होतो. प्रत्येक वेळी वाटायचं, एवढ्याने काय होतंय! शेजारी बसलेला मित्र म्हणाला, “वीसच मैल राहिलेत रे.” समोरच्या टेकडीवरचा मनोरा मघाशी पूर्ण दिसत होता, आता त्याचा शेंडा ढगात गेला होता. तेवढं दिसलं आणि मी वळलो. शो हुकला. मित्र दिवसभर गप्प होता, पण तो निर्णय मी आजही तसाच घेईन.

१९५४ मध्ये इलिनॉय विद्यापीठात एक प्रयोग झाला होता. बाहेर न बघता फक्त उपकरणांवर उडायचं शिक्षण नसलेल्या २० जणांना विमानातच बाहेरचं काही दिसणार नाही अशी व्यवस्था करून उडवायला दिलं. सगळ्यांचाच ताबा सुटला, सरासरी १७८ सेकंदांत. पुरती तीन मिनिटंही नाहीत. म्हणून ढगांची किमान उंची आणि किमान दृश्यमानता हे दोन आकडे निघण्याआधी मांडीवरच्या कागदावर लिहा, आणि बाहेरचं स्वच्छ दिसतंय तोवरच वळा. तरीही ढगात शिरलातच तर आधी पंख सरळ, नजर कृत्रिम क्षितिजावर (विमान किती कललंय ते दाखवणारं उपकरण), ऑटोपायलट असेल तर लावा, मग अगदी मंद वळण. आणि रेडिओवर मदत मागायला लाजू नका.

इंजिन कुरकुरलं की थ्रॉटल पुढे ढकलणं

दमट हवेत कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे इंधन आणि हवा मिसळणाऱ्या भागात, बर्फ धरतो, बाहेर २० अंश असले तरी. ज्या विमानात प्रोपेलरच्या पात्यांचा कोन बदलत नाही, त्यात इंजिनाचे फेरे, म्हणजे आरपीएम, नकळत उतरतात आणि हात आपोआप थ्रॉटलकडे जातो. तसं करू नका, कार्ब्युरेटरला गरम हवा देणारा कार्ब हीटचा नॉब पूर्ण ओढा. आरपीएम आणखी पडतील, इंजिन थोडं खडखडेल. तो वितळलेला बर्फ असतो. इथे घाबरून नॉब परत आत ढकलू नका. जरा दम धरा, आरपीएम चढतील.

उंची दाखवणाऱ्या अल्टिमीटरवर लावलेला हवेचा दाबही वाटेत बदलत राहा. दाब १ हेक्टोपास्कलने उतरला की तुम्ही दिसतं त्यापेक्षा सुमारे ३० फूट खाली असता.

आगमनाची सूचना वरवर चाळणं

शोला येणाऱ्या विमानांनी कुठून, कसं यायचं ते या सूचनेत असतं. अमेरिकेत विस्कॉन्सिनमधल्या ऑशकॉशच्या एअर शोला जाणाऱ्यांना हे ठाऊक असेल: रिपन गावापासून फिस्क गावापर्यंत रेल्वेमार्गावरून, १८०० फुटांवर, ९० नॉटने, एकामागोमाग एक. फिस्कला कंट्रोलर विमानाचा रंग आणि प्रकार सांगून पंख हलवायला सांगतात, वैमानिक रेडिओवर बोलत नाही, पंखांनीच उत्तर देतो. अशा रांगेत शिरल्यावर सूचना वाचायला वेळ नसतो. शिवाय हवा बिघडली की सगळ्यांनाच घिरट्या घालत थांबावं लागतं. दिवसा अर्ध्या तासाचं राखीव इंधन नियमाला पुरतं, इथे पुरत नाही. मी दीड तासाचं ठेवतो. पुढचं विमान फारच हळू असेल तर वेग आणखी पाडून त्याच्यामागे लोंबकळू नका. सूचनेत सांगितलेल्या वाटेने बाहेर पडा, पुन्हा रांगेत या.

उतरल्यावर दोर, खुंट्या आणि हातोडी स्वतःची हवी. वाऱ्याने सुकाणू हलू नये म्हणून कंट्रोल लॉक लावा, पंख आणि शेपूट बांधा. संध्याकाळी सर येऊन गेली असेल तर खुंट्या पुन्हा ठोका, भिजलेल्या मातीत त्या सैल होतात.