दत्तक लेकराचं नाव आणि बाप्तिस्मा

आमची लेक ओडिशातून गोराईला आली तेव्हा पाच वर्षांची होती. बाप्तिस्म्याचं नाव आम्ही आधीच ठरवलं होतं, मारिया. पण मारिया म्हणून हाक मारली की ती मागे वळून दुसऱ्याच कुणाला तरी शोधायची. ते बघवेना. तेव्हाच ठरवलं, तिचं जुनं नाव काढून टाकायचं नाही, त्याला मारिया जोडायचं.

तिचं मूळ नाव इथे लिहीत नाही, ते तिचं आहे. त्याच्या शेवटचा 'अ' ओडियात पुरता उच्चारतात, आपण मराठीत तो गिळतो. आम्ही गिळला की ती थांबून पूर्ण नाव म्हणून दाखवायची. तुम्हीही आधी महिनाभर जुन्याच नावाने हाक मारा आणि उच्चार लेकराकडून शिका. संताचंच नाव हवं अशी चर्चची सक्ती नाही. ख्रिस्ती भावनेला विसंगत नसावं, एवढंच कॅनन ८५५, म्हणजे कॅथलिक चर्चच्या कायद्यातलं ते कलम, सांगतो.

नाव मात्र दत्तकाच्या आदेशासाठी अर्ज जाण्याआधी पक्कं करा. २०२२ पासून दत्तकाचा आदेश कोर्टाऐवजी जिल्हाधिकारी देतात. आमचा तिकडच्या जिल्ह्यातून आला. त्यात जे नाव, तेच पुढे जन्मदाखल्यावर आणि आधारवर. आमच्या एका कागदावर मारियाचं स्पेलिंग चुकलं आणि दुरुस्तीला चार महिने खेटे घातले. आदेशाचा मसुदा दाखवला तर एकेक अक्षर बोट ठेवून वाचा.

बाप्तिस्म्याची घाई करू नका. आदेश येईपर्यंत मूल तुमच्याकडे फक्त सांभाळायला असतं. तो हाती आला की जन्मदाखल्यासकट पॅरिश ऑफिसात जा. कॅनन ८७७ प्रमाणे नोंदवहीत दत्तक आईवडिलांची नावं लिहितात. नोंद स्वतः वाचून घ्या. धर्ममाता किंवा धर्मपिता एक असला तरी चालतो, पण कॅथलिक, दृढीकरण (कन्फर्मेशन) झालेला आणि सहसा सोळा वर्षं पूर्ण केलेला हवा. मूल सात वर्षांचं झालं असेल तर त्याला स्वतःला शिकवण घ्यावी लागते, म्हणून फादरांना आधीच भेटा.

परदेशातून मूल आणत असाल तर दत्तक प्रक्रिया त्या देशाच्या कायद्याने तिकडेच पुरी होते आणि इथून 'कारा'ची, म्हणजे दत्तकाचं काम बघणाऱ्या केंद्र सरकारच्या संस्थेची, मान्यता लागते. म्हणजे नावाचा विचार तिकडे जाण्याआधीच करा. मुलाच्या हाती परदेशी पासपोर्ट असेल तर तिथल्या भारतीय दूतावासातून व्हिसा घ्यावा लागतो. तिकडे आधी बाप्तिस्मा झाला होता का, हे तिकडच्या दत्तक संस्थेला लेखी विचारा. झाला असेल तर तो पुन्हा देत नाहीत. चौकशी करूनही शंका उरलीच तर फादर सशर्त, म्हणजे 'आधी झाला नसेल तर' असं म्हणून, बाप्तिस्मा देतात.

आणखी एक, ज्याची आम्हाला कल्पनाच नव्हती. डोक्यावर पाणी ओतलं की आमची लेक किंचाळायची. का, ते आम्ही विचारलं नाही. पंधरा दिवस रोज न्हाणीघरात छोटा तांब्या तिच्याच हातात दिला. आधी तिने बाहुलीच्या डोक्यावर पाणी घातलं, मग माझ्या, शेवटी स्वतःच्या. फादरांनाही सांगून ठेवलं होतं. त्यांनी कोमट पाणी घेतलं आणि ओतण्याआधी तिला बोट बुडवू दिलं.

विधीच्या सुरुवातीला आईवडिलांना विचारतात, बाळाचं नाव काय ठेवलंत? आम्ही तोंड उघडायच्या आत तिनेच सांगितलं, शेवटच्या 'अ'सकट, आणि पुढे मारिया.