खेळण्याच्या रंगातलं शिसं: घरात काय काय तपासायचं

नुसतं बघून, हुंगून किंवा नखाने खरवडून खेळण्याच्या रंगात शिसं आहे की नाही ते कुणालाच कळत नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. आणि "ब्रँडेड आहे, महागाचं आहे" यावरही विसंबू नका. २००७ मध्ये अमेरिकेत मॅटेल या खेळण्यांच्या कंपनीने आपल्या फिशर-प्राइस ब्रँडची डोरा, एल्मो वगैरे टीव्हीवरच्या पात्रांची ९ लाख ६७ हजार खेळणी परत मागवली, त्याच्या आधी जूनमध्ये थॉमसच्या लाकडी रेल्वेचे सुमारे १५ लाख नग परत मागवले होते, दोन्हीकडे कारण तेच, चीनमध्ये तयार झालेल्या मालाच्या रंगात शिसं. घरोघरी हौसेने घेतलेली खेळणी होती ती.

आता रिकॉल, म्हणजे कंपनीने माल परत मागवलाय का, ते बघायचं कसं, तर नुसतं खेळण्याचं नाव जुळवून भागत नाही, कोड जुळवावा लागतो. त्या डोराच्या खेळण्यांवर १०९-७एलएफ ते १८७-७एलएफ यामधला डेट कोड असेल तरच ते रिकॉलमधलं, १०९ म्हणजे वर्षाचा एकशे नववा दिवस आणि ७ म्हणजे २००७, म्हणजे १९ एप्रिल ते ६ जुलैमध्ये तयार झालेला माल. म्हणून खेळणं घरी आलं की खोका लगेच रद्दीत टाकू नका, निदान लेबल, बॅच नंबर आणि खेळण्याच्या खालच्या बाजूचा फोटो मोबाईलमध्ये काढून ठेवा. अमेरिकेतल्या मावशीने किंवा काकाने बॅग भरून खेळणी आणली, त्यातही कुणाची तरी वापरलेली असली, तर तिथल्या सीपीएससी या सरकारी संस्थेच्या साइटवर रिकॉलची यादी असते, तिथे नाव टाकून बघा, पाच मिनिटांचं काम आहे.

आपल्याकडे १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांना आयएसआय मार्क सक्तीचा आहे. पण नुसता मार्क छापलेला बघून खूश होऊ नका, मार्क काय कुणीही छापेल, त्याच्या वर आयएस ९८७३ हा मानकाचा नंबर (बॅटरीवर किंवा विजेवर चालणारं असेल तर आयएस १५६४४) आणि खाली सीएम/एल ने सुरू होणारा लायसन्स नंबर आहे का ते बघा आणि तो नंबर बीआयएस, म्हणजे भारतीय मानक ब्युरोच्या, बीआयएस केअर ॲपमध्ये टाका. कारखान्याचं नाव-पत्ता आणि लायसन्स चालू आहे का ते तिथे दिसतं, खोक्यावरचं नाव वेगळंच निघालं तर त्याच ॲपवरून तक्रार करा, किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करा. जत्रेतली, सिग्नलवरची, सुट्टी विकली जाणारी रंगीत खेळणी यात कुठेच बसत नाहीत, आणि जे बाळ अजून सगळं तोंडात घालतंय त्याच्या हातात ती देऊच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. नोंदणीकृत कारागिरांच्या हस्तकलेच्या खेळण्यांना या सक्तीतून सूट आहे, तिथे विकणाऱ्याला सरळ विचारा की रंग कसला लावलाय, लाखेचा की बाजारातला ऑइल पेंट.

एवढं का करायचं? कारण पोटात गेलेलं शिसं लहान मुलांचं शरीर मोठ्यांपेक्षा चार-पाचपट जास्त शोषून घेतं, ते मेंदूवर परिणाम करतं आणि झालेलं नुकसान भरून येत नाही. सुरक्षित अशी पातळीच नाही असं डब्ल्यूएचओ सांगते. २००६ मध्ये मिनियापोलिसमध्ये चार वर्षांचं एक मूल दगावलं, बुटांबरोबर फुकट आलेलं बदामाच्या आकाराचं धातूचं लटकन त्याने गिळलं होतं आणि त्यात जवळजवळ सगळं शिसंच होतं. त्यामुळे रंगाइतकंच स्वस्तातल्या धातूच्या चेन, लॉकेट, किचेन यांच्याकडेही लक्ष असू द्या.

मग घरातला खेळण्यांचा डबा पालथा करा. जुना लाकडी पांगुळगाडा, आजोळचा घोडा, रंगाचे टवके उडालेल्या गाड्या, दातांचे व्रण असलेल्या वस्तू वेगळ्या काढा. आणि इथे बरेच जण हमखास चुकतात, रंग गेलाय म्हणून सँडपेपरने घासून नवा रंग मारतात, त्याने उलट शिशाची धूळ घरभर होते. बंबात किंवा होळीत तर अजिबात घालू नका, शिसं जळून नाहीसं होत नाही, धुरात आणि राखेत उरतं. कामवाल्या मावशींच्या मुलांना किंवा अंगणवाडीलाही देऊ नका, त्यांचीही मुलंच आहेत ना! पिशवीत बांधून घरातल्या घातक कचऱ्यात द्या. ती ठेवलेली जागा कोरड्या झाडूने न झाडता ओल्या फडक्याने पुसा, आणि मुलांचे हात जेवायच्या आधी साबणाने धुवा.

पोराने रंग चघळलाय अशी शंका असेल तर लक्षणांची वाट बघत बसू नका, बहुतेक वेळा दिसण्यासारखं काही नसतंच. बालरोगतज्ज्ञांना सांगून रक्तातल्या शिशाची तपासणी करून घ्या, शिरेतून रक्त घेऊन केलेली. आकडा ५ मायक्रोग्रॅम प्रति डेसिलिटर किंवा जास्त आला तर शिसं कुठून येतंय ते शोधावंच लागतं, आणि तेव्हा फक्त खेळणीच धरून बसू नका, शेंदूर, सुरमा, भिंतीचा जुना रंग, घरात कुणी बॅटरीच्या कामाला जात असेल तर त्याचे कपडे, हे सगळं डॉक्टरांना सांगा. लोह आणि कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, म्हणून हिमोग्लोबिनही त्याच वेळी बघून घ्या.