सोलापुरात वाइन चाखायला बसताय? आधी बर्फाची बादली भरा

मी पहिली रेड वाइन उघडली ती मे महिन्यात. रेड ‘रूम टेंपरेचर’ला प्यावी, असं कुठंतरी वाचलं होतं. आमची रूम म्हणजे पत्र्याखालची, आणि बाहेर ४२ अंश. पेला नाकाशी नेला तर इंजेक्शनआधी कापसानं चोळतात त्या स्पिरिटचा भपकारा आला. चौघांनी एकमतानं निकाल दिला, बाटली खराब आहे. बाटलीत काहीच खोट नव्हती. तो नियम थंड देशातल्या घरांचा. तिथं खोलीचं तापमान म्हणजे १६ ते १८ अंश, आणि आपल्याकडं तेवढा गारवा फक्त थंडीतल्या पहाटे असतो.

म्हणून दिवस निवडताना हुरड्याचा हंगाम धरा. तो दिवस ड्राय डे नाही ना, तेवढं बघा. बसणारे सगळे २१ च्या पुढचे हवेत, वाइनसाठी कायदा तसा आहे.

बाटल्या दोनच घ्या: एक पांढरी शेनिन ब्लाँ, एक लाल सांजोवेझे. ही दोन्ही द्राक्षांच्या जातींची नावं. सांजोवेझे मूळची इटलीतल्या तोस्कानाची, पण आता आपल्या माळशिरस तालुक्यातही पिकते. अकलूजजवळ मोटेवाडीला फ्राटेल्लीची वायनरी आहे. इटालियनमध्ये फ्राटेल्ली म्हणजे भाऊ. अकलूज, दिल्ली आणि इटली अशा तीन घरांतल्या भावांनी मिळून ती उभी केली, म्हणून हे नाव. तिकडं युरोपात वेल थंडीत झोपी जातो, छाटणी एकदाच होते. आपल्याकडं तो झोपतच नाही, म्हणून छाटण्या दोन: उन्हाळ्यात खरड छाटणी आणि पावसाळा सरता सरता फळछाटणी. बागाईतदाराला हे सांगायला नको. फक्त नान्नजची सोनाका, म्हणजे आपली खायची बिनबियांची द्राक्षं, डोळ्यापुढं आणू नका. वाइनचं द्राक्ष छोटं, जाड सालीचं, बियांचं असतं. लाल वाइनचा रंग त्या सालीतून आणि तुरटपणा साल-बियांतून उतरतो, कारण रस साल-बियांसकट आंबवतात. पांढरीत साल आधीच बाजूला काढतात.

आता बादली. निम्मा बर्फ, निम्मं पाणी आणि वर दोन मुठी खडे मीठ. पॉटचं आइस्क्रीम फिरवलेल्यांना हे माहीत आहे. नुसत्या बर्फात बाटलीला फक्त खडे टेकतात, पाणी मात्र तिला सगळीकडून धरतं, आणि मिठानं ते शून्याच्याही खाली जातं. पांढरी बाटली मानेपर्यंत बुडवा, वीसेक मिनिटांत गार होते. लाल सकाळीच फ्रिजमध्ये ठेवा, अर्धा तास आधी बाहेर काढा. पुढचं काम सोलापूरची हवा करते.

पेला तळाशी फुगीर आणि तोंडाशी निमुळता हवा. स्टीलच्या फुलपात्रात वास कोंडत नाही. एका वेळी दोन-तीन घोटच ओता, म्हणजे ७५० मिलीची बाटली सहा जणांना आरामात पुरते. देठाला धरून पेला गोल फिरवा, मग नाक आत घाला. इथं बाटलीमागच्या लेबलवर लिहिलेली ब्लॅकबेरी शोधत बसू नका, आपण ती कधी खाल्लेली नाही. पेरू, लिंबाची साल, जांभूळ, चिंच, दगडफूल असलं जे आठवेल ते मोठ्यानं म्हणा. आमच्यातला एक जण ‘नवीन चादरीचा वास’ म्हणाला, आणि सगळ्यांना तो लगेच पटला.

मग घोट तोंडात घोळवा, गिळा आणि जरा थांबा. तोंडाला पाणी सुटलं तर तो आंबटपणा. हिरड्या कोरड्या पडून जीभ जांभूळ खाल्ल्यासारखी खरखरीत झाली तर तो तुरटपणा, ज्याला वाइनवाले टॅनिन म्हणतात. आपल्याकडं षड्रसांत तुरट पहिल्यापासून आहे, त्यामुळे आपल्याला हे शिकवावं लागत नाही.

खरी गंमत ताटात आहे. शेंगा चटणी, कडक भाकरी, दही समोर ठेवा. आधी चटणीचा घास आणि वर लाल वाइन: घसा पेटतो. मिरचीची आग अल्कोहोलनं भडकते आणि तुरटपणानं आणखी टोचते. आता तोच घास गार, किंचित गोडसर शेनिनबरोबर घ्या. आग निवते. लाल वाइनला मिरची नसलेले भाजलेले शेंगदाणे द्या. त्यातली प्रथिनं टॅनिनला धरून बसतात आणि वाइन मऊ लागते. हुरडा पांढरीबरोबरच. त्याची कोवळी गोडी लाल वाइनखाली दबते, हे माझं मत, ज्यावर आमच्यात दरवर्षी भांडण होतं.

मध्ये मध्ये पाणी प्या. गाडी चालवणाऱ्यानं घोट थुंकायला वाटी घ्यावी. वाइन चाखण्यात ते रीतीला धरून आहे, कुणी हसत नाही.

उरलेली बाटली, लाल असो वा पांढरी, झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये उभी ठेवा. तीनेक दिवस चव टिकते, पुढं व्हिनेगरकडं झुकते. ती मटणाच्या रश्शात ओतायचा मोह होईल. ओतू नका. काळ्या मसाल्यापुढं तिचा पत्ता लागत नाही, करून पाहिलंय.