परसातल्या पेरूची गुटी कशी बांधावी

आमच्या परसातला पेरू घराच्या बांधकामात जाणार हे ठरलं, तेव्हा त्याचं बी साठवून ठेवा असं सगळ्यांनी सुचवलं. पण बियांचं रोप मूळ झाडाच्या चवीवर जाईलच असं नाही. लखनौ-४९, म्हणजे आपला सरदार पेरू, पुण्याच्या गणेशखिंडीत बियांच्या रोपांमधूनच निवडला गेला आणि पुढे कलमांनी वाढवला गेला. तीच चव हवी असेल तर कलमच हवं, आणि घरच्या घरी जमणारं कलम म्हणजे गुटी: फांदी झाडावर असतानाच तिला मुळं फुटवायची आणि मग ती कापून लावायची.

जून-जुलैत पाऊस नीट सुरू झाला की कामाला लागा. भरपूर फळ देणाऱ्या, निरोगी झाडाची साधारण वर्षभराची, पेन्सिलीएवढी जाड, सरळ फांदी निवडा. शेंड्यापासून दीड-दोन फूट मागे एका डोळ्याच्या (पानाच्या बेचक्यातल्या कोंबाच्या) लगेच खाली धारदार चाकूने सालीवर गोल चीर द्या, तिच्या अडीच सेंटिमीटर खाली दुसरी, आणि मधली साल अंगठीसारखी काढून घ्या.

आता खरं महत्त्वाचं. साल निघाल्यावर लाकडावर बुळबुळीत थर राहतो. तो चाकूच्या पाठीने खरवडून, फडक्याने पुसून काढा. बोट फिरवल्यावर लाकूड कोरडं, खरखरीत लागलं पाहिजे. पहिल्या वर्षी मी हे केलं नाही. दोन महिन्यांनी प्लास्टिक सोडलं तर वरची आणि खालची साल पुन्हा जुळलेली आणि मुळाचा पत्ता नाही. पानांनी तयार केलेलं अन्न सालीतून खाली उतरतं. साल तोडली की ते वरच्या कडेला साठतं आणि तिथूनच मुळं फुटतात. म्हणून मुळं फुटवणारी पावडर लावायची तर त्या वरच्या कडेलाच लावा.

रोपवाटिकेतलं शेवाळ तासभर भिजवून घट्ट पिळा. मुठीत दाबलं तर पाणी ठिबकू नये, नाहीतर साल कुजते. मोठ्या लिंबाएवढा गोळा जखमेभोवती बसवून पारदर्शक प्लास्टिक गुंडाळा आणि दोन्ही टोकं सुतळीने आवळा. वरची गाठ जास्त पक्की हवी, तिथूनच पावसाचं पाणी शिरतं. सगळ्याच गुट्या धरत नाहीत, तेव्हा तीन-चार फांद्यांना बांधा.

दीड-दोन महिन्यांत प्लास्टिकमधून पांढरी मुळं दिसू लागतात. दिसली की लगेच कापायचा मोह होतो, तो आवरा. ती दाट होऊन तांबूस झाली, की गुटीच्या खाली फांदी निम्म्यापर्यंत कापा. आठवड्याने पूर्ण कापा. एवढ्या काळात फांदी स्वतःच्या मुळांवर जगायला शिकते.

निम्मी पानं काढून टाका. प्लास्टिक हलकेच सोडा, पण शेवाळ झटकू नका, मुळं त्यातच गुंतलेली असतात. निम्मी माती आणि निम्मं शेणखत भरलेल्या कुंडीत लावून महिनाभर सावलीत ठेवा. गुटीच्या झाडाला सोटमूळ नसतं, म्हणून शेजारी काठी रोवून सैल बांधा. नवी पालवी आली की हळूहळू उन्हात आणा. पहिल्या वर्षी कळ्या आल्या तर खुडून टाका.